घडा खाली ठेवायचा नाही

वाघमारे बाईंच्या घरात कोरा कागद कधी विकत आला नाही. त्या लिहायच्या ते आमच्या पत्रकांच्या पाठीवर.

माझे बाबा गिरणीत होते तेव्हापासून पत्रकं काढायचे. गिरणी बंद पडल्यावर तर जास्तच काढायला लागले. शहर हिंदी, आमची घरं मराठी, म्हणून एक हिंदीत, एक मराठीत, आणि दर वेळी गरजेपेक्षा दोनशे जास्त. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दीड खोलीत ते गठ्ठे मावायचे नाहीत, म्हणून दोन घरं सोडून बाईंच्या ओसरीत जायचे. बाई ते मोकळे करायच्या, कडा जुळवायच्या आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहायला बसायच्या. कागदाच्या एका बाजूला "कामगार बंधूंनो आणि भगिनींनो", आणि दुसऱ्या बाजूला बोलणारा बगळा, एका कानाचं गाढव आणि हेटी नावाची मुलगी.

मी पत्रकांवरच वाचायला शिकले. माझं पहिलं जोडाक्षर "धिक्कार"मधलं. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक छापील कागदाला मागची बाजू असते आणि तिथे गोष्ट असते. पुढे मोठी झाले, कॉलेजात गेले, शिकले की पत्रक ही खरी गोष्ट आणि मागची बाजू म्हणजे पळवाट. हे शहाणपण मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मीच मिळवलं होतं, आणि म्हणून ते जास्त घट्ट होतं.

बाई ठेंगण्या, चालायला वाऱ्यासारख्या. हातात वडिलांचं पुरुषी घड्याळ, त्याचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे स्वतः भोक पाडून आवळलेला. वडील महूला फौजेत हवालदार होते. तिथल्या कुठल्याशा लायब्ररीने जुनी पुस्तकं रद्दीत काढली, तेव्हा त्यांनी मुलीसाठी त्यातलं एक उचलून आणलं. निळ्या कापडी बांधणीचं, इंग्रजी, लहान मुलांचं. आतली चित्रं सुरेख, पण वरचा पुठ्ठा आणि पहिली दोन पानं गेलेली. त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, लेखक कोण, हे बाईंना कधीच कळलं नाही. त्यांचा मुलगा मिलिंद कंप्युटरवाला. तो एकदा म्हणाला, "आई, दोन मिनिटांत सर्च करून देतो ना." बाई म्हणाल्या, "राहू दे. पंचावन्न वर्षं ओळख आहे आमची. आता नाव विचारायचं म्हणजे लाज वाटते."

त्या त्याला घड्याची गोष्ट म्हणायच्या.

गोष्ट अशी. एका जादूच्या देशातल्या सगळ्या नद्या थांबलेल्या असतात. थांबलेल्या म्हणजे वाहायचं विसरलेल्या. शेवटच्या झऱ्याजवळ बसलेली एक म्हातारी हेटीला घडा भरून देते आणि सांगते, हा डोंगरमाथ्यावर नेऊन ओत, मग नद्यांना आठवेल. अट एकच. घडा जमिनीवर टेकवायचा नाही. भरलेला असो, रिकामा असो, खाली ठेवायचा नाही. हात दुखले तर दुसऱ्याच्या हातात द्यायचा. मग आख्खं पुस्तकभर तो घडा हातोहात जातो. बगळ्याच्या चोचीत, चोरांच्या हातात, धोबिणीच्या डोक्यावर, एका राक्षसाच्या तळहातावर. हेटी झोपते तेव्हा कुणीतरी जागं राहतं.

बाईंनी नोकरीभर हिंदी शाळेत हिंदी शिकवली. मराठी घरातच राहिली, स्वयंपाकाच्या भांड्यांसारखी. रिटायर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की वस्तीतल्या पोरांकडे तीही राहिलेली नाही. म्हणून दर रविवारी सकाळी दहा वाजता विहाराच्या हॉलमध्ये त्या घड्याची गोष्ट मराठीत वाचायला लागल्या. आठवड्यात जेवढं भाषांतर होईल तेवढंच वाचायचं. अकरा मुलं यायची. सतरंजीवर बसायची, आणि पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी अडवायचंच.

"आंटी, ओहळ मतलब?"

"छोटा नाला."

"तो नालाच बोला ना मग."

"नाला म्हटलं की तुला आपला पुलाखालचा आठवेल. त्यातलं पाणी हेटी घड्यात भरेल का?"

"छी!"

"म्हणून ओहळ."

शब्दकोश त्यांच्याकडे नव्हता. शब्द त्या माणसांवर घासून बघायच्या. घडा हा शब्दसुद्धा असाच ठरला. कलश म्हटलं तर मुलांना पूजा आठवली. मटका म्हटलं तर मोठी मुलं एकमेकांना कोपरं मारून हसली. घागर कुणाला माहीतच नव्हती. घडा राहिला. एकदा त्या भर उन्हाळ्यात मला बसमध्ये घालून बेटमा गावाच्या पुढे घेऊन गेल्या. पुस्तकात एक उजाड, खुरट्या झुडपांची, उंचसखल जमीन होती, हेटी ती तीन दिवस तुडवते. तिला काय म्हणतात ते बाईंना हवं होतं. रस्त्याच्या कडेला बकऱ्या चारणारी एक बाई दिसली, तशा त्या बस थांबवून उतरल्या.

"काकी, ये ऐसी जमीन को क्या बोलते हैं तुम्हारे यहाँ?"

तिने जमिनीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "बरडो. क्यों, मोल लेणो हे कंई?"

"बरड!" बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "अगं, माझी आई म्हणायची बरड. विसरलेच होते बघ." परतीच्या बसमध्ये त्या तीन वेळा स्वतःशीच हसल्या. "मोल लेणो हे कंई, म्हणे. विकत घ्यायचीय का!" एका शब्दासाठी आख्खा दिवस गेला होता. मला त्या दिवशी सभेला जायचं होतं. मी तोंड फुगवून बसले होते.

मला त्या पत्रकवाली म्हणायच्या. "काय पत्रकवाली, आज कुणाचा निषेध?" मी सांगायचे. त्या नीट ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, आणि मग विचारायच्या, "पाणी पिशील?"

पाण्याची त्यांची एक पद्धत होती. कुणीही आलं की आधी पाणी, स्टीलच्या पेल्यात, आणि पेला तुमच्या हातातच. टेबलावर, ओट्यावर, जमिनीवर कधीच नाही. तुमचे हात गुंतलेले असतील तर त्या पेला धरून उभ्या राहायच्या. एकदा माझे बाबा मोर्च्याचं कापड काठ्यांना खिळ्यांनी ठोकत होते. बाई पाच मिनिटं तशाच उभ्या होत्या. बाबांनी हातोडी ठेवली, पेला घेतला, मगच त्या बसल्या. मी विचारलं, असं का?

त्यांनी सांगितलं, अगदी सहज, चणे सोलताना. पहिल्या नोकरीत शाळेच्या स्टाफरूममध्ये त्या सगळ्यात लहान. पाणी भरून आणायचं काम त्यांच्याकडे. एका वरिष्ठ मास्तरांकडे पेला पुढे केला की ते वर न बघता म्हणायचे, "रख दो वहाँ, बहनजी." बाकी सगळ्यांच्या हातातून ते पेला घ्यायचे.

"काही वाईट बोलायचे नाहीत. 'जी' लावून बोलायचे," बाई म्हणाल्या. "चार वर्षं मी ठेवत होते तिथं."

मी पेटले. "नाव सांगा त्यांचं!"

"पत्रक काढतेस?" त्या हसल्या. "वारले ते. चांगलं गणित शिकवायचे." मग म्हणाल्या, "या पुस्तकात कुणी कुणाला तिथं ठेव असं म्हणत नाही. म्हणताच येत नाही. ज्यानं लिहिलं त्याला ठाऊकही नसेल त्यानं काय लिहिलंय."

आमच्या घरी तसलं काही नव्हतं. बाबा तीस वर्षं जातिअंताची पत्रकं काढत होते. मी त्यांची मुलगी. मला वाटलं, ही गोष्ट मास्तरांची आहे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या हातून एक घोटाळा झाला. सकाळी सफाई कामगारांचं धरणं होतं. शहराच्या स्वच्छतेचं कौतुक सगळीकडे, आणि झाडू मारणाऱ्या बायका कंत्राटावर, हातमोजेसुद्धा घरचे. बाबांनी पत्रक काढलं होतं. मी घाईघाईत बाईंच्या ओसरीतून गठ्ठा उचलला आणि धरण्यावर वाटून मोकळी झाले. मोकळी झाल्यावर एका बाईने कागद उलटा करून विचारलं, "बेटा, ये नाव वाला कौन है?"

वरचे चौदा कागद बाईंचे होते. सातवं प्रकरण. दोन महिन्यांचं काम, एकच प्रत, आणि ती झाडूंबरोबर शहरभर गेलेली.

मी बाईंपुढे उभी राहिले. वाटलं होतं रागावतील. त्यांनी घड्याळाचा पट्टा सोडला, पुन्हा आवळला आणि म्हणाल्या, "कुणी वाचलं का?"

वाचलं होतं. पुढच्या आठवड्यात कागद परत यायला लागले. कुणी घडी करून, कुणी पोलक्यात घालून आणलेले, एकावर हळदीचा डाग. सातव्या प्रकरणात कोरड्या नदीत नाव घेऊन बसलेला एक नावाडी आहे. नदी थांबून वर्षं झालीत, पण काम संपलं असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तो रोज सकाळी डबा घेऊन येतो, नावेत बसतो, संध्याकाळी घरी जातो. कागद आणून देणाऱ्या बायका विचारायच्या, आगे क्या हुआ उसका? एक कागद आमच्या घरी आला होता, तो बाबांनी दारातच उभं राहून वाचला. "राजाराणीच्या गोष्टी," असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. गिरणीला कुलूप लागल्यावर ते सहा महिने रोज सकाळी सातला घराबाहेर पडायचे, हे आईने मला नंतर सांगितलं.

दोन कागद आले नाहीत. बाई ते पुन्हा करायला बसल्या, तेवढ्यात कमलाबाई नावाची एक सफाई कामगार आली. ओशाळलेली. कागद भिजला, गेला. पण मुलीने वाचून दाखवला होता, तिला तोंडपाठ आहे. हिंदी-मराठी एक करून तिने आख्खं पान सांगितलं. शेवटी म्हणाली, "फिर वो नाव वाला बोला, मेरे को पता था पानी नहीं आएगा. पर घर में किसको बोलता?"

बाईंनी निळं पुस्तक उघडलं. दोनदा पाहिलं. "कमलाबाई, हे पुस्तकात नाही."

"नहीं है?" कमलाबाई म्हणाली. "तो फिर लिखनेवाला भूल गया होगा, बाई."

मी म्हटलं, घालून टाका, मूळ वाक्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. बाईंनी घातलं नाही. नावाडी पुस्तकात जे बोलतो तेच ठेवलं. आणि खाली, थोडी जागा सोडून लिहिलं, "कमलाबाई सांगतात", आणि मग ते वाक्य, जसंच्या तसं. रविवारी दोन्ही वाचलं. "हे पुस्तकातलं आहे. हे कमलाबाईंचं आहे. दोन्ही ऐका."

मुलांचे अंदाजही त्या असेच समासात लिहायच्या. प्रकरण संपायच्या जरा आधी थांबायचं, चष्मा वर करायचा आणि विचारायचं, "पुढं?" प्रत्येकाने सांगायचं. प्रत्येकाचं लिहून घ्यायचं, नावासकट. तन्वी म्हणते, राक्षस घडा परत देणार नाही. यश म्हणतो, गाढव बोलायला लागेल. मग खरं काय ते वाचायचं. चूक कुणालाच म्हणायचं नाही.

हे सगळं मी पाहिलं होतं. तरीही पुढचं मी केलं.

दोन वर्षांनी शेवटचं प्रकरण आलं. बाई अडकल्या होत्या, म्हणून मी ते इंग्रजीत वाचलं आणि माझं डोकं फिरलं. हेटी डोंगरावर पोचते. पाणी ओतते. नद्या वाहू लागतात. आणि मग म्हातारा प्रधान तिच्या खांद्यावरची खूण ओळखतो. ती तर हरवलेली राजकन्या! लोक गुडघे टेकतात, हेटी मुकुट घेते, सिंहासनावर बसते, संपलं.

"हे तुम्ही वाचणार मुलांना?" मी विचारलं.

"लिहिलंय तसं वाचणार."

"सतरा प्रकरणं धोबिणींनी, चोरांनी घडा वाहिला. आणि शेवटी काय, तर रक्त राजाचं होतं म्हणून पाणी आलं? ह्या वस्तीत हे वाचणार? बदला ना ते बाई. दोन पानं तर आहेत."

"ते माझं नाही बदलायला."

"मग नका वाचू."

"तीन वर्षं बसलीयेत पोरं. त्यांना शेवट सांगायचा नाही?"

"खोटा शेवट सांगण्यापेक्षा न सांगितलेला बरा."

"तू त्यांना भितेस का गं?" त्यांनी विचारलं. "की ऐकतील आणि खरं मानतील म्हणून? माझी पोरं इतकी भोळी नाहीत."

मी घरी आले आणि पत्रक लिहिलं. मला दुसरं काय येत होतं? मतभेद झाला की माणसं भांडतात, अबोला धरतात, दार आपटतात. आमच्या घरात पत्रक काढतात. अर्ध्या पानाचं, "आमच्या मुलांना राजकन्या नकोत". खाली पहिल्यांदाच बाबांच्या नावाऐवजी माझं नाव, शुभा. दोनशे प्रती. बाईंचं नाव त्यात नव्हतं, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. रविवारी दहा वाजता मी विहाराच्या फाटकात उभी राहून ते मुलांना सोडायला आलेल्या आईबापांना वाटलं.

त्यातलं एक अक्षर आजही मला खोटं वाटत नाही. म्हणूनच ते जास्त लागतं.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बाई उभ्या राहिल्या असत्या. विहाराच्या कमिटीतले एक काका नम्रपणे म्हणाले, "बाई, विवाद कशाला? वैसे भी बच्चों के एग्जाम हैं." पुढच्या रविवारपासून त्या वेळेत हॉलमध्ये गणिताची कोचिंग सुरू झाली. मला राजकन्या नको होती. तिच्या जागी नळ आणि टाकीचं गणित आलं.

पत्रक वाटलं त्या सकाळी बाई हॉलमधून बाहेर आल्या. माझी पत्रकं फाटकापाशी पडली होती, काही चपलांखाली गेली होती. त्या वाकल्या, एकेक उचललं, झटकलं, कडा जुळवल्या आणि पिशवीत घातलं. मी शेजारीच उभी होते.

"पाठकोरी आहेत," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

त्यानंतर मी त्यांच्या ओसरीत जायचं टाळलं. कारण सांगायला कामं होतीच. आंदोलनं कधी कमी पडत नाहीत. वर्षाने कळलं, बाईंना लकवा झाला, उजवी बाजू गेली, मिलिंद त्यांना विजय नगरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. मी जाईन जाईन म्हणत राहिले. आणखी वर्ष गेलं. मग एका शुक्रवारी मिलिंदचाच फोन आला.

"शुभा, आई कुछ बोलते आहे, समजत नाही. पत्रक पत्रक असं काहीतरी. तुलाच बोलवते बहुतेक. येऊन जा ना एकदा."

शनिवारी दुपारी मी गेले. आठवा मजला, खिडकीबाहेर काचेच्या इमारती. एवढ्या उजेडात बाई फारच लहान दिसत होत्या. घड्याळ डाव्या हातावर आलं होतं आणि पट्ट्याला आणखी एक भोक पडलं होतं. मला पाहून अर्धा चेहरा हसला.

मी बोलायला लागले, की चुकलं, की मी यायला हवं होतं. त्यांनी डावा हात हलवून ते बाजूला केलं आणि उशीकडे बोट दाखवलं. उशीखाली कागद होते. अक्षर पहिलीतल्या मुलाचं, ओळी वर चढलेल्या, काना कुठे, मात्रा कुठे. डाव्या हाताने लिहिलेलं शेवटचं प्रकरण. मिलिंद म्हणाला, "सात महिने चाललं होतं हे. एका दिवसात दोन लाइन."

मी कागद उलटा केला. "आमच्या मुलांना राजकन्या नकोत." खाली माझं नाव. दुसरा उलटला, तिसरा उलटला. सगळे तेच.

"वाच," बाई म्हणाल्या. हा शब्द स्पष्ट आला.

मी मोठ्याने वाचलं. त्यांनी काहीही बदललं नव्हतं. प्रधान होता, खांद्यावरची खूण होती, गुडघे टेकणारे लोक होते. मी वाचत गेले. "आणि हेटीने दोन्ही हातांनी मुकुट घेतला." या वाक्याखाली त्यांनी बरीच जागा कोरी सोडली होती. बाईंनी हात वर केला. मी थांबले.

"घडा?" त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. त्यांनी आपला एक चालता हात उचलला, न चालणाऱ्या हाताकडे नेला, दोन्ही हात असल्यासारखं केलं. "मुकुट... दोन्ही. मग घडा?"

मी मागचं पान काढलं, पुन्हा वाचलं. खरंच. पाणी ओतल्यावर घड्याचं काय झालं, ते कुठेच नाही. रिकामा असो, खाली ठेवायचा नाही. अट पहिल्याच प्रकरणातली. आणि हेटीने दोन्ही हातांनी मुकुट घेतला. लिहिणारा विसरला होता. मी ते पान पत्रक काढण्याइतकं वाचलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

"भरायचं नाही," बाईंनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "पोरांना... विचार."

दुसऱ्या दिवशी मी विहारात गेले. हॉलमध्ये कोचिंग होती, म्हणून बाहेर पायऱ्यांवर बसले. निरोप धाडला होता, अकरातली चार मुलं आली, आता मोठी झालेली, मुलग्यांना मिशा फुटलेल्या, एकाच्या हातात मोबाइल. मी शेवटचं प्रकरण वाचलं आणि तिथे थांबून विचारलं, "पुढं?" यश म्हणाला, गाढवाच्या पाठीवर दिला असेल. दुसरा म्हणाला, बगळा घेऊन उडाला. तन्वी म्हणाली, नावाड्याला दिला, त्याचेच हात रिकामे होते. चौथीने आधी तिघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दीदी, रानी बन गई ना वो? तो फिर कोई नौकर पकड़ के खड़ा होगा. अभी तक."

माझ्या दोनशे पत्रकांत जे आलं नव्हतं ते आलं होतं. मी कोऱ्या जागेत चारही उत्तरं नावांसकट लिहिली. ती घेऊन संध्याकाळी विजय नगरला जायचं ठरवलं होतं. दुपारीच मिलिंदचा फोन आला.

त्यामुळे ती उत्तरं बाईंपर्यंत पोचली नाहीत. शनिवारी निघताना पाहिलेल्या बाई, त्याच माझ्या शेवटच्या.

मी उठून कागद गोळा करत होते. पानांना आकडे नव्हते, क्रम चुकू नये म्हणून दोन्ही हातांत दोन गठ्ठे धरले होते. मिलिंदच्या बायकोने बाईंसाठी पाणी आणलं. बाईंनी तो पेला डाव्या हातात घेतला आणि पिण्याऐवजी माझ्यापुढे केला. विसरल्याच होत्या त्या, मी आल्यापासून मला पाणी विचारायचं. हात थरथरत होता, पाणी काठापर्यंत येत होतं. माझं लक्ष पानांकडे.

"ठेवा ना बाई," मी म्हटलं. "ठेवा तिथं."

माझंच वाक्य मला मागून ऐकू आलं.

पलंगाशेजारी छोटं टेबल होतं, वीतभर अंतरावर. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. रागही नव्हता चेहऱ्यावर. हात तसाच पुढे होता, कोपरापासून हलत होता, थोडं पाणी चादरीवर सांडलं, घड्याळावर सांडलं. त्या थांबल्या होत्या.

मी दोन्ही गठ्ठे जमिनीवर ठेवले.